‘आता घरी घेऊन जा’ असं डॉक्टर म्हणाले की पुढे काय करायचं? कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली घरची सेवा

माझ्या आईला ओव्हरीचा कॅन्सर होता. दोन वर्षं किमो, मध्ये एक मोठं ऑपरेशन, मग पुन्हा किमो. एका दुपारी डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, “आता घरी घेऊन जा, आवडेल ते खायला द्या.” आम्ही बाहेर आलो तेव्हा हातात डिस्चार्ज कार्ड होतं आणि ट्रामाडॉल या वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठी. दुखणं वाढलं तर काय करायचं, रात्री धाप लागली तर फोन कोणाला करायचा, हे कोणी सांगितलं नाही आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. पुढचे १७ दिवस आई रात्र रात्र कण्हत होती. कॅन्सर म्हटल्यावर दुखणारच, अशी आमची समजूत होती.

ती चुकीची होती. त्यानंतरचे अडीच महिने आई आमच्या पुण्याच्या घरात खिडकीजवळच्या पलंगावर होती, नातवाशी पत्ते खेळत होती आणि शेवटी तिथेच शांतपणे गेली. फरक एवढाच पडला की योग्य माणसं आणि योग्य औषध मिळालं. तुमच्या घरातल्या माणसाचे ते १७ दिवस वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचं प्रमाण तुमचे डॉक्टरच ठरवतील.

१. पॅलिएटिव्ह केअरची टीम शोधा, आणि उद्यावर ढकलू नका

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे परिहार सेवा. रोग बरा होत नसला तरी दुखणं, उलट्या, धाप, जखमा, झोप न लागणं, मनाची घालमेल या सगळ्यावर इलाज करणारी ही वैद्यकीय शाखा आहे. ‘सगळं संपल्यावर तिकडे जायचं’ हा पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. किमो चालू असतानाही ही सेवा घेता येते. जितकं लवकर नाव नोंदवाल तितकं बरं, कारण टीमला रुग्ण समजायला वेळ लागतो.

मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये यासाठी स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन हे भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना ठेवून घेऊन सेवा करणारं ठिकाण, १९८६ साली सुरू झालेलं. त्यांचं एक केंद्र गोव्यात लोटली इथेही आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र १९९७ पासून आहे, तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. तुम्ही लहान गावात असाल तर आधी जिल्हा रुग्णालयात विचारा. शिवाय जिथे उपचार झाले तिथे स्पष्ट शब्दांत विचारा: “पॅलिएटिव्ह विभाग आहे का? मॉर्फिन कुठे मिळेल? घरी येणारी टीम आहे का?” (मॉर्फिन हे तीव्र दुखण्यावरचं औषध, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.) हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. त्या क्षणी डोकं चालत नाही.

२. एक फाइल करा

- बायोप्सीचा मूळ रिपोर्ट आणि शेवटचा स्कॅन
- सगळी डिस्चार्ज कार्डं (शेवटच्या कार्डावर ‘पुढे फक्त परिहार सेवा’ अशा अर्थाची नोंद मागून घ्या)
- चालू औषधांची यादी, वेळा, कशाची ॲलर्जी असल्यास तीही
- रुग्णाचं आणि औषध आणायला जाणाऱ्या माणसाचं आधार कार्ड, दोन-दोन झेरॉक्स
- फोन नंबरांचा एक कागद: टीम, फॅमिली डॉक्टर, औषधाचं दुकान, रात्री धावून येईल असा शेजारी

शेवटचा कागद फाइलमध्ये ठेवूच नका, फ्रिजवर चिकटवा.

३. मॉर्फिनची भीती मनातून काढा

या लेखातलं एकच काही वाचणार असाल तर हे वाचा.

मॉर्फिनचं नाव काढलं तेव्हा माझा काका म्हणाला, “म्हणजे आता झोपवूनच टाकणार का तिला?” मीही मनातून तशीच घाबरले होते. पहिली गोळी दिली त्या रात्री आईच्या छातीकडे बघत बसले होते. ती सहा तास झोपली आणि सकाळी उठून चहा मागितला. मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

योग्य मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवलेलं मॉर्फिन श्वास बंद पाडत नाही आणि आयुष्यही कमी करत नाही. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्याला त्याचं व्यसन सहसा लागत नाही. आणि ‘आत्ताच दिलं तर नंतर काय देणार?’ या शंकेचं उत्तर असं की दुखणं वाढलं तर डोसही वाढवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कॅन्सरच्या दुखण्यासाठी औषधांची तीन पायऱ्यांची शिडी सांगितली: आधी पॅरासिटामॉलसारखी, मग ट्रामाडॉलसारखी मधल्या ताकदीची, मग मॉर्फिनसारखी तीव्र औषधं. आईला दुसऱ्या पायरीवर ठेवून घरी पाठवलं होतं आणि तिचं दुखणं केव्हाच तिसऱ्या पायरीवर पोचलेलं होतं.

दुकानात ते सहसा मिळत नाही, त्यालाही कारण आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने त्याच्यावर इतकी बंधनं आली की अनेक हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडून दिलं. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते देता येऊ लागलं. म्हणून पत्ता विचारताना ‘मेडिकल’ विचारू नका, अशी मान्यता असलेली संस्था विचारा. एकदा नोंद झाली की बहुतेक ठिकाणी रुग्णाला दर वेळी न्यावं लागत नाही, घरचं माणूस चिठ्ठी आणि आधार कार्ड घेऊन गेलं तरी चालतं.

घरी पाळायच्या गोष्टी:

साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. त्यामुळे ती घड्याळाप्रमाणे द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. आमच्या वेळा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा होत्या. रात्रीचा डोस डॉक्टरांनी दुप्पट लिहून दिला होता, म्हणजे २ वाजता उठवावं लागू नये. मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोसही लिहून घ्या, आणि तो किती वेळा लागला याची वहीत नोंद ठेवा. डॉक्टर पुढचा डोस त्या वहीवरूनच ठरवतात.

बद्धकोष्ठ होतंच. मळमळ आणि गुंगी चार-सहा दिवसांत कमी होतात, पण बद्धकोष्ठ मॉर्फिन चालू असेपर्यंत राहतं. म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, मॉर्फिनच्या बरोबरीनेच. आम्ही चार दिवस उशीर केला आणि आईला त्या दुखण्यापेक्षा याचाच जास्त त्रास झाला.

‘आज दुखत नाही, आज गोळी नको’ हा सापळा आहे. गोळी चालू आहे म्हणूनच दुखत नाही.

हातापायांना झटके येऊ लागले, माणूस असंबद्ध बोलू लागलं किंवा उठवूनही उठेना, तर लगेच टीमला कळवा. किडनीचं काम मंदावलं की डोस बदलावा लागतो.

गोळीऐवजी कातडीवर चिकटवायचा फेंटानिल या वेदनाशामक औषधाचा पॅच असेल तर तो ७२ तासांनी बदलायचा. लावल्यावर पूर्ण परिणाम दिसायला १२ ते २४ तास लागतात, तोवर गोळ्या कशा द्यायच्या ते विचारून घ्या. पॅचवर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नका, औषध एकदम जास्त अंगात जातं.

दुखणं किती आहे हे शून्य ते दहा आकड्यांत विचारतात. आईला विचारलं की उत्तर ठरलेलं: “आहे आपलं थोडं.” तिच्या पिढीच्या बायकांना स्वतःचं दुखणं सांगायची सवयच नाही. मग एक दिवस मी विचारलं, “आई, सोळा आण्यांतलं किती आणे दुखतंय?” ती क्षणात म्हणाली, “बारा आणे.” त्यानंतर वहीत आणेच लिहिले. टीमच्या सिस्टरनाही ते बरोबर कळायचं.

४. खोली आणि सामान

विकत घेण्याआधी भाड्याने मिळतं का बघा. डोकं वर करता येणारा फाउलर बेड, हवेची गादी, कमोड खुर्ची, गरज पडली तर ऑक्सिजनचं मशीन, हे सगळं भाड्याने देणारी दुकानं बहुतेक शहरांत आहेत. बाकी घरातलं: मेणकापड, जुन्या मऊ सुती साड्यांचे तुकडे, उशा निदान सहा, डायपर, हातमोजे, हाताशी ठेवायची छोटी घंटा. पलंग भिंतीला चिकटवू नका, दोन्ही बाजूंनी उभं राहता आलं पाहिजे. आणि घरात जिथे माणसांचा वावर असतो तिथेच ठेवा. आतल्या खोलीत माणूस एकटं पडतं.

नर्सिंग ब्युरोमधून सेवेसाठी मावशी बोलावणार असाल तर १२ तासांची की २४ तासांची, डायपर बदलणार का, स्पंजिंग करणार का, हे पहिल्या दिवशीच बोलून घ्या. गोळ्या मात्र घरच्यांनीच द्याव्यात आणि कुलपात ठेवाव्यात.

५. रोजची सेवा

कूस: दर दोन तासांनी बदला. हवेची गादी आहे म्हणून हे टळत नाही. पाठीखाली चादरीची घडी घालून दोघांनी ती उचलून सरकवा, माणसाला ओढू नका. ओढल्याने कातडी सोलवटते. माकडहाड, टाचा, खुबे आणि कोपरे रोज उजेडात बघा. लालसर डाग बोटाने दाबूनही पांढरा होत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. तिथे चोळू नका, त्या बाजूवर झोपवू नका आणि टीमला कळवा.

तोंड: हे सगळ्यात जास्त राहून जातं. अर्धा चमचा खाण्याचा सोडा एका ग्लास पाण्यात घालून दिवसातून चार वेळा चूळ. चूळ भरता येत नसेल तर बोटाला ओला मऊ कपडा गुंडाळून हळूच पुसा. ओठांना साजूक तूप. तोंडात पांढरे चट्टे दिसले तर ती बहुतेक वेळा बुरशी असते, आणि तिच्यावर औषध आहे. आईचं जेवण तुटलं म्हणून आम्ही हळहळत होतो, कारण निघालं तोंडातले चट्टे. औषधाने चार दिवसांत ती पुन्हा मऊ भात खाऊ लागली.

वास येणारी जखम: तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरमध्ये जखम बाहेर आली की वासामुळे माणूस स्वतःच सगळ्यांपासून दूर राहू लागतं. यावर उपाय आहे. मेट्रोनिडॅझॉलच्या गोळ्यांची पूड जखमेवर टाकली की वास पुष्कळ कमी होतो. किती आणि कशी ते सिस्टर दाखवतील. ड्रेसिंग चिकटलं असेल तर आधी सलाइनने पूर्ण भिजवा, मग काढा. मानेच्या जखमेतून रक्तस्राव होण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली असेल तर गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवा. पांढऱ्या कापडावर थोडं रक्तही खूप दिसतं, आणि रुग्ण घाबरतो.

धाप: पाठीला उशा देऊन बसतं करा, खिडकी उघडा, टेबलफॅनचा वारा हळूवार चेहऱ्यावर येऊ द्या. खोलीतली गर्दी कमी करा. कमी मात्रेतलं मॉर्फिन धापेवरही देतात, हे मला टीमकडूनच कळलं. आईच्या पोटात पाणी भरायचं, त्यानेही धाप लागायची; ते काढलं की चार-आठ दिवस बरे जायचे.

६. जेवण आणि सलाइन

आपल्याकडे प्रेम ताटातून व्यक्त होतं, त्यामुळे हे फार जड जातं. शेवटच्या टप्प्यात माणूस खात नाही म्हणून जात नाही. शरीर मिटत आलेलं असतं म्हणून भूक जाते. दोन चमचे पेज, गार ताकाचा घोट, आमरसाची चव, जे मागतील ते आणि तेवढंच. “माझ्यासाठी एक घास” असं म्हणू नका. आई माझ्यासाठी तो घास खायची आणि नंतर ओकायची. झोपलेल्या, गुंगीतल्या माणसाला चमच्याने कधी भरवू नका, घास श्वासनळीत जातो.

पाहुणे हमखास म्हणतात, “निदान सलाइन तरी लावा, ताकद येईल.” ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चमचे. त्याने ताकद येत नाही. शेवटच्या दिवसांत ते पाणी शरीर बाहेर टाकू शकत नाही. पाय सुजतात, छातीत घरघर वाढते. टीमने काही खास कारणासाठी सांगितलं तर गोष्ट वेगळी. लोकांच्या समाधानासाठी मात्र सुई टोचू नका.

७. बोलणं

“आईला सांगू नका” हे आमच्याकडेही झालं. दीड महिना आम्ही तिच्यासमोर ‘अल्सर’ म्हणत होतो. एका संध्याकाळी तीच म्हणाली, “तुम्ही दमला असाल खोटं बोलून. मला माहीत आहे.”

सगळं एकदम सांगायची गरज नसते. विचारा: “तुला काय वाटतंय?” “कसली भीती वाटते?” “काही राहिलंय का?” आणि मग गप्प बसा. आईला दुखण्याची भीती होती, मरणाची नव्हती. तिला माहेरच्या देवीची ओटी भरायची होती, आणि धाकट्या बहिणीशी १४ वर्षं तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू करायचं होतं. मावशी आली. दोघी दुपारभर दार लावून बसल्या होत्या. आम्ही खोटं बोलत राहिलो असतो तर हे राहून गेलं असतं.

याच काळात व्यवहाराचंही बघा: बँक खात्यांवर नॉमिनीची नोंद, विम्याचे कागद, मृत्युपत्र. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. शुद्ध आणि सही दोन्ही चांगल्या आहेत तोवर हे उरका.

८. आयसीयू नको असेल तर ते आधी ठरवा

रात्री दोन वाजता श्वास बदलतो, कोणीतरी घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावतं आणि ज्याला घरी जायचं होतं तो माणूस नळ्यांमध्ये, काचेपलीकडे जातो. ॲम्ब्युलन्सवाल्यांची यात चूक नाही. जीव वाचवायचा प्रयत्न करणं हेच त्यांचं काम आहे. म्हणून निर्णय दिवसाउजेडी, सगळी भावंडं समोर असताना घ्या. परदेशातल्या भावाला व्हिडिओ कॉलवर घ्या. शेवटच्या दिवशी विमानातून उतरून ‘हॉस्पिटलमध्ये का नाही नेलं’ असं विचारणारा बहुतेक तोच असतो, आणि त्याचंही दुःख खरंच असतं.

कायद्याचा आधार हवा असेल तर तोही आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ च्या जानेवारीत वैद्यकीय इच्छापत्राची, म्हणजे लिव्हिंग विलची (शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाची), पद्धत सोपी केली. सज्ञान, शुद्धीतल्या माणसाने लिहायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. आपल्या वतीने निर्णय कोण घेईल त्यांची नावं त्यात लिहायची. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्या. हॉस्पिटलमध्ये यंत्रं काढायची वेळ आली तर डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. घरी राहायचं ठरवलं असेल तर तशी वेळ सहसा येतच नाही.

९. शेवटचे दिवस कसे दिसतात

हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी निम्मी कमी घाबरले असते.

झोप वाढते. गिळणं थांबतं, मग गोळ्यांऐवजी कातडीखाली छोटी सुई ठेवून औषध देता येतं, म्हणून गिळणं कमी होतंय असं वाटताच टीमला कळवा. लघवी कमी आणि गडद होते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते. श्वास मधेच थांबतो, पुन्हा सुरू होतो. तो मधला थांबा कधी कधी खूप लांबतो. काही जण वर बघून गेलेल्या माणसांशी बोलतात. आई तिच्या आजीशी बोलत होती, आम्ही तिला अडवलं नाही.

माणूस एकदम अस्वस्थ झालं, कपडे ओढू लागलं तर आधी ओटीपोट चाचपून बघा. लघवी तुंबलेली असू शकते, आणि नळी घातली की पाच मिनिटांत शांत होतं.

घशातली घरघर ऐकवत नाही. ती घशात साचलेल्या लाळेची असते, आणि त्या अवस्थेत रुग्णाला तिचा त्रास होत नाही. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच ठेवा. त्यासाठी इंजेक्शनही असतं, ते आधीच घरात आणून ठेवा. गंगाजल आणि तुळशीपत्र द्यायचं असेल तर चमच्याने ओतू नका, ओला कापूस ओठांना लावा.

बोलत राहा. माणूस शेवटपर्यंत ऐकत असतं असं धरूनच वागा. भावाने हरिपाठ म्हटला, मी पाय दाबत होते. पहाटे पावणेपाचला एक श्वास आला आणि पुढचा आला नाही.

१०. त्यानंतर

घाई करू नका. अर्धा तास तसंच बसलात तरी काही बिघडत नाही.

नेत्रदानाची इच्छा असेल तर मात्र लगेच नेत्रपेढीला फोन करा, ते सहा तासांच्या आत व्हावं लागतं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये चालत नाही, पण इतर बऱ्याच कॅन्सरमध्ये चालतं. अंतिम निर्णय नेत्रपेढीचा. पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा आणि डोक्याखाली उशी द्या.

मग डॉक्टर. घरी झालेल्या मृत्यूसाठी कारणाचा दाखला नमुना ४-अ वर मिळतो, आणि तो आजारपणात ज्यांनी पाहिलं आहे तेच डॉक्टर देतात. इथे फार लोक अडकतात: फॅमिली डॉक्टर महिनोन्‌महिने घरी आलेले नसतात, मग ते सही करायला कचरतात आणि प्रकरण पोलीस चौकीपर्यंत जातं. शेवटच्या महिन्यात त्यांना एकदा तरी घरी बोलावून फाइल दाखवा आणि “रात्री-अपरात्री याल का?” असं स्पष्ट विचारून ठेवा. त्या दाखल्याशिवाय स्मशानभूमीत काम अडतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. मृत्यूच्या दाखल्याच्या निदान आठ-दहा प्रती घ्या. बँक, विमा, पेन्शन, घर, गॅस, सगळीकडे लागतात.

उरलेलं मॉर्फिन घरात ठेवू नका आणि दुसऱ्या कोणाला देऊ नका, त्याच्या दुखण्याला तो डोस बसेलच असं नाही. तेराव्यानंतर मी उरलेल्या गोळ्या मोजून, वहीसकट, केंद्रात परत दिल्या. सिस्टरनी वही चाळली. शेवटच्या अकरा पानांवर ‘एक आणा’, ‘दोन आणे’, ‘काही नाही’ असं लिहिलेलं होतं. ती वही नव्या सिस्टरना दाखवायला ठेवून घेऊ का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.